काटा बांधू नका : पापाबद्दल मन कोवळं ठेवण्याची रोजची रीत

बेळगावातल्या वडगावात ज्या गल्लीत मी वाढलो तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत मागांची खडखड चालायची. यंत्रमागाला एक लहानसा काटा असतो. धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं किंवा बाणा, म्हणजे आडवं सूत, तुटला, की तो काटा माग थांबवतो. पण कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. माग थांबला की कमाई थांबली. म्हणून काही जण त्या काट्याला दोऱ्यानं बांधून ठेवायचे. मग माग थांबतच नसे. बाणा नसला तरी फणी ठोकत राहायची. आवाज तोच, पट्टा तसाच फिरतोय, फक्त कापड होत नाही. हातभर रिकामी जाळी पडली की कुणाच्या तरी लक्षात यायचं, आणि मग शिव्या.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:२) अशा माणसांचा उल्लेख आहे ज्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीला तापल्या लोखंडाचा डाग दिल्यासारखं झालंय. डागलेल्या जागी कातडी असते, पण स्पर्श कळत नाही. ते वचन वाचलं की मला दरवेळी तो बांधलेला काटा आठवतो.

मी चर्चचा पाळक नाही. मागाच्या शेडचे हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं, काही वर्षं मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो. पुढं जे सांगतोय ते त्या दोन वह्यांमधून आणि बायबलमधून शिकलेलं आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. मन कोवळं आहे की नाही, हे प्रार्थनेत किती रडू येतं यावर ठरत नाही. रडू मलाही लवकर येतं, त्याचा काही उपयोग झालेला नाही. टोचणी लागल्यापासून पाऊल उचलेपर्यंत किती वेळ गेला, तो मोजा.

दावीदाचंच बघा. जिवावर उठलेला शौल राजा गुहेत हातात सापडला असताना त्यानं त्याला मारलं नाही, फक्त झग्याचा काठ कापला. लगेच त्याचं मन त्याला खाऊ लागलं (१ शमुवेल २४:५), आणि थोड्याच वेळात तो बाहेर येऊन शौलापुढं जमिनीपर्यंत वाकून बोलला. कापडाचा एक तुकडा, तोही शत्रूचा! याच दावीदानं पुढं राजा झाल्यावर दुसऱ्याच्या बायकोला, बथशेबेला, आणवलं, तिच्या नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारलं, आणि नाथान संदेष्टा दारात येईपर्यंत मूल जन्मलेलं होतं. म्हणजे बरेच महिने गेले. बत्तिसाव्या स्तोत्रात तो सांगतो की गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. माणूस तोच. पहिल्या वेळी काही क्षण, दुसऱ्या वेळी महिन्यांवर महिने. मधल्या काळात काटा कधी बांधला गेला ते त्यालाही कळलं नसावं.

आधी बांधलेले काटे शोधा

टोचतंय तिथं लक्ष देणं सोपं असतं. अवघड काम आहे ते जिथं टोचायला हवं होतं आणि टोचत नाही, त्या जागा शोधण्याचं. त्यासाठी मला एकच प्रश्न उपयोगी पडलाय: जिथून माझा फायदा होतो तिथं माझं मन इतकं शांत कसं?

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात अशा जागा भरपूर आहेत. दोन राज्यांच्या मध्ये राहिलं की दोन्हीकडे हात पोचतो. मतदार यादीत इकडं कर्नाटकात नाव आणि तिकडं महाराष्ट्रात चंदगड तालुक्यातही नाव. बायकांसाठीच्या सरकारी योजनांत इकडची गृहलक्ष्मी महिन्याला २,००० रुपये, तिकडची लाडकी बहीण १,५०० रुपये, आणि एकाच बाईच्या नावे दोन्ही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. लग्न होऊन महाराष्ट्रात गेलेली लेक आधारकार्डावर माहेरचा पत्ता तसाच ठेवते आणि तिकीट वाचवते. नाताळ जवळ आला की चोर्ला घाटातून येणाऱ्या गाडीच्या सीटखाली गोव्याच्या बाटल्या. निपाणीकडे तंबाखूवर पाणी मारून वजन वाढवणं. ऊस घालताना साखर कारखान्याच्या वजनकाट्याला शिव्या देणारा शेतकरी आपल्या दुधात पाणी घालताना भजन गुणगुणत असतो. हे सगळं मी लांबून बघितलेलं नाही, यातल्या तीन गोष्टी आमच्याच घरात झाल्या आहेत.

आणि एक जागा अशी, जिची मराठी मंडळीत कुणी चर्चाच करत नाही. भाषेचा राग. सीमाप्रश्नावर मत असणं पाप नाही. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा काय झालं, याबद्दल आमच्या वडिलांचं ठाम मत होतं आणि माझंही आहे. पण १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, कुणाच्या दुकानाची पाटी काळी झाली म्हणून मनात ज्या गुदगुल्या होतात, कन्नड बोलणाऱ्या कंडक्टरला मागून जो शब्द आपण वापरतो, फोनवर जे व्हिडिओ पुढं ढकलतो, ते मताच्या खात्यात बसत नाही. याकोब म्हणतो (३:९-१०), त्याच जिभेनं देवाची स्तुती आणि त्याच जिभेनं देवाच्या प्रतिरूपात केलेल्या माणसांना शाप! लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. दोनशे वर्षांवर झाली या गोष्टीला. आज शहरात एकाच ख्रिस्ती देवळाच्या आवारात मराठीची उपासना सुटते आणि कन्नडची भरते. मधल्या पंधरा मिनिटांत चपला घालताना आपण एकमेकांकडं कसं बघतो, ते या रविवारी बघा.

तर पहिलं काम हे. एक कागद घ्या आणि लिहा: पैसा, जमीन, नातं, भाषा, जात, फोन. प्रत्येकापुढं तो एक प्रश्न. घाई करू नका, मला हा कागद भरायला चार दिवस लागले. जातीपुढं मी पहिल्या दिवशी 'काही नाही' असं लिहिलं होतं. मग मुलीच्या लग्नाच्या वेळी आलेल्या एका चांगल्या स्थळाला आम्ही कुठल्या कारणावरून नाही म्हटलं ते आठवलं. कारण बाहेर 'मुलगा लांब राहतो' असं सांगितलं होतं. मुलगा आमच्याच जिल्ह्यात, गोकाकला राहत होता.

नाव बदललं की टोच जाते

आमच्याकडं एक शब्द आहे, 'चालतंय की'. पापाला यासारखं दुसरं मऊ अंथरूण नाही. त्याच्या जोडीला बाकीचे आहेतच: ॲडजस्टमेंट, सेटिंग, चहापाणी, वरचे, 'थोडं इकडं तिकडं'. नवऱ्याबायकोत 'जरा तोंड सुटलं'. तरुण पोरांत 'टाइमपास'.

या शब्दांमागं काय आहे ते साध्या मराठीत लिहायची सवय लावा. 'बिलात ॲडजस्ट केलं' नको, 'खोटं बिल केलं' असं. 'आईला जरा बोललो' नको, 'सत्तर वर्षांच्या आईला सुनेसमोर ओरडलो'. 'फोनवर वेळ गेला' नको. काय बघितलं ते लिहा, कागद तुम्हीच वाचणार आहात. नाथानानं दावीदाकडून हेच करून घेतलं. आधी दुसऱ्याच्या कोकराची गोष्ट सांगून राग येऊ दिला, आणि मग तो मनुष्य तूच, असं म्हणून नाव लावलं.

उलट बाजूनंही सावध राहा. 'प्रभू, मी महापापी आहे' हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात सगळं येतं, म्हणून काहीच येत नाही. प्रार्थनासभेत हे वाक्य मोठ्यानं म्हणणाऱ्या भावाला नंतर चहा पिताना विचारा, 'परवा त्या पाण्याच्या भांडणात चूक तुमची होती काय हो?' आणि चेहरा बघा.

रात्रीची दहा मिनिटं

फेलिक्स या रोमी सुभेदारापुढं पौल म्हणाला की देव आणि माणसं यांच्याबाबत माझी सद्सद्विवेकबुद्धी निर्दोष राखण्याचा मी यत्न करतो (प्रेषितांची कृत्ये २४:१६). यत्न म्हणजे कसरत, तालीम. एकदा झालं आणि संपलं असं काम नव्हे. तालमीला वेळ आणि जागा ठरलेली लागते.

माझी पद्धत अशी. जेवणं झाली, दार लावलं, की टीव्ही सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं. नंतर नाही, नंतर झोप येते. एकशे एकोणचाळीसाव्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी म्हणायच्या: देवा, माझं मन तपास, माझ्यात दुष्टपणाकडं जाणारा मार्ग आहे काय ते बघ. इथं तपासणारा देव आहे, मी नव्हे. हे विसरलं की माणूस एक तर स्वतःचा वकील होतो नाहीतर फौजदार. मग दिवस उलटा आठवायचा, रात्रीकडून सकाळकडं. उलटा का, तर सरळ आठवलं की आपण गोष्ट सांगायला लागतो आणि गोष्टीत आपणच नायक असतो. उलट जाताना गोष्ट जमत नाही, सुटे प्रसंग दिसतात.

वहीत एका दिवसाला जास्तीत जास्त तीन नोंदी. माझ्या वहीतली एक जुनी नोंद, नावं गाळून, अशी आहे: 'दु. ४. सुताच्या व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं चेक टाकला. टाकला नव्हता. उद्या ११च्या आत टाकणे, आणि फोन करून खरं सांगणे.' पाप, आणि त्याच्याच ओळीत पाऊल. पावलाशिवाय नोंद लिहायची नाही असा नियम केलाय मी. पाऊल सुचत नसेल तर 'फक्त देवाकडं कबुली' एवढं लिहायचं. पुष्कळ पापं तशीच असतात, मनातल्या मनात केलेली. तिथं योहानाचं वचन धरायचं, पहिलं पत्र १:९: कबूल केलं तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. मग ती ओळ खोडायची. नुसती टिक नको, वाचता येणार नाही अशी गिरगटून खोडायची. वही भरली की बंबात.

बायकोनं एकदा विचारलं, 'एवढं काय लिहिताय ओ रोज?' मी वही पुढं केली. तिनं पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, 'माझं नाव लई वेळा आलंय की यात.' दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची वही आणली.

जाऊन सांगणं

सगळी वाट इथं अडते.

वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा, असं येशू म्हणतो (मत्तय ५:२३-२४). नीट वाचा: तुझ्या मनात राग आहे असं नव्हे, त्याच्या मनात. म्हणजे मला टोचत नसलं तरी त्याला टोचत असेल, तर जायचं मीच.

कसं जायचं? नियम थोडे आहेत. दुसरा दिवस मावळायच्या आत. शक्य असेल तर स्वतः, नाहीतर फोन. व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र पाठवणं म्हणजे जाणं नव्हे. सोबत कुणी नको, पाळकही नको. आणि वाक्यात 'पण' नको. 'माझं चुकलंच, पण तुम्हीसुद्धा…' यातल्या 'पण'च्या आधीचं सगळं वाया जातं. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हेही नको. वाईट वाटलं की नाही ते त्यांचं. तुम्ही काय केलं तेवढं सांगा: 'अण्णा, मंगळवारी चार लोकांत मी तुम्हाला खोटारडा म्हटलो. खोटं मी बोललो होतो. मला माफ करा.' एवढं म्हणून गप्प बसायचं. गप्प बसणं सर्वांत जड. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर 'तप्पायितु' (चूक झाली) एवढा एक शब्द त्याच्या भाषेत म्हणा. मी म्हटलाय. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी कुणाला मुद्दाम कन्नडमध्ये बोललेला तो पहिला गोड शब्द असावा.

पैशाचं असेल तर नुसतं माफ करा पुरत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय (लेवीय ६:५). येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट म्हणाला. हे मला कसं शिकावं लागलं ते सांगतो.

शेडसाठी कांड्या भरून देणाऱ्या बायका घरून काम करायच्या. किलोवर मजुरी. त्यांच्यात एक मावशी होत्या, नवरा दम्यानं घरी, हात चाकावर. आठवड्यातून दोनदा डोक्यावर पिशवी घेऊन यायच्या. मी ती वजनकाट्यावर ठेवायचो आणि वजन खाली धरायचो. तीन किलो आठशे भरलं तर वहीत साडेतीन. चार किलो दोनशे, तर चार. 'राउंड फिगर बरी पडते हिशोबाला' असं मी स्वतःला सांगितलं होतं, आणि मालकानं मला तसं करायला कधीही सांगितलेलं नव्हतं. त्याचे पैसे वाचले म्हणून तो माझ्यावर खूश होता, एवढाच माझा नफा. तीन वर्षं मी दर रविवारी उपासनेला बसलो आणि या गोष्टीनं मला एकदाही टोचलं नाही. मग एका रविवारी पाळकांनी नीतिसूत्रांतलं अकराव्या अध्यायाचं पहिलं वचन वाचलं, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे. उपदेश दुसऱ्याच विषयावर होता, वचन फक्त ओझरतं आलं. माझ्या डोळ्यांपुढं वजनकाट्याची ती काळी ताटली आली, कडेला पोचा पडलेली, आणि तिच्यावर मावशींची पिशवी.

तरी मी गेलो कधी? नऊ दिवसांनी. नऊ दिवस मी हिशोब करतोय असं स्वतःला सांगत होतो. हिशोब दहा मिनिटांचा होता. दर खेपेला सरासरी पाव किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. दर तेव्हा किलोला वीस रुपये, म्हणजे आठवड्याला दहा. वर्षाचे पन्नास आठवडे धरून पाचशे, तीन वर्षांचे दीड हजार. पाचवा हिस्सा तीनशे. एकूण अठराशे, माझ्या पगारातून, कारण मालकाला सांगितलं तर तो 'सोड की, काय येड लागलंय काय' म्हणाला असता. (त्यालाही नंतर सांगितलं. तो तसंच म्हणाला.)

मावशी दारातच चाक घेऊन बसल्या होत्या. मी उभ्यानंच बोललो. त्यांनी चाक थांबवलं नाही. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, 'म्हाईत होतं की मला.'

मी म्हटलं, 'मग बोलला का नाही?'

'बोलून काम गेलं असतं की रं.'

पैसे मोजून घेतले, पदराला बांधले, आणि कांडी बदलली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत थोडा वेळ उभा राहिलो, मग निघालो. तेव्हा मला कळलं की माझ्या मनाला तीन वर्षं टोचलं नव्हतं ते तिला दर खेपेला टोचत होतं. टोच कुठं नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. आणि माफी मिळाली नाही तरी गेलेलं फुकट नसतं. देणं फेडायला आपण गेलेलो असतो, पावती मागायला नव्हे.

एक माणूस शोधा

खानापूरकडच्या कोकणी कॅथलिक घरांत कुमसार हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. पाद्रीपुढं जाऊन पाप सांगायचं. आम्ही प्रोटेस्टंट लोक त्याला नावं ठेवतो, मध्यस्थ एकच, येशू, असं म्हणतो. सिद्धांत बरोबर आहे. पण त्या नावाखाली आम्ही कुणालाच काही सांगत नाही. एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोब ५:१६ मध्ये लिहिलेलं आहे, आणि आमच्या मंडळीत त्या वचनावर उपदेश झाल्याचं मला आठवत नाही.

एकच माणूस निवडा. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई. नात्यातला नको, देण्याघेण्यातला नको. पोट मोठं असलेला, म्हणजे ऐकलेलं आत ठेवणारा. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास. आम्ही दोघं किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूनं फिरायला जातो. चालताना समोर तोंड असतं, बोलणं सोपं पडतं. तो मला दोन प्रश्न विचारतो: काय लपवतोयस? आणि मागच्या वेळी जे करतो म्हणालास ते केलंस काय?

सभेत उठून सगळ्यांपुढं कबुली द्यायची का? मी सहसा नको म्हणतो. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींनी रडून-आक्रंदून पापं कबूल केली, ते जागरण प्रसिद्ध आहे, आणि ते खरं होतं याबद्दल मला शंका नाही. पण तसं घडवून आणता येत नाही. पाप जेवढ्या लोकांत झालं तेवढ्या लोकांत कबुली, हे माप बरं.

एक अपवाद ठळक सांगायला हवा. कबुलीत लहान मुलावर झालेला अत्याचार कळला तर 'आपसात मिटवू, मंडळीचं नाव जाईल' हे चालणार नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं गुपित राखणं हेच पाप.

टोचणी खोटी असते तेव्हा

कोवळं मन आणि दुखरं मन वेगळं. काही भाविकांना, आणि ती बहुतेक फार चांगली माणसं असतात, सगळंच टोचतं. प्रार्थनेत डुलकी लागली, टोच. भिकाऱ्याला पाच दिले, दहा का नाही दिले, टोच. कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करतात आणि शांती मिळत नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास कबुली देत बसायचा, आणि बाहेर पडला की काहीतरी राहिलं म्हणून परत जायचा. यातून त्याला सोडवलं ते आणखी कबुलीनं नव्हे. देव नीतिमान ठरवतो तो विश्वासानं, हे रोमकरांच्या पत्रात त्याला उलगडलं तेव्हा. तोच माणूस १५२१ साली जर्मनीतल्या वर्म्सला सम्राटापुढं उभा राहून म्हणाला की माझी विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे.

खरी टोचणी ओळखायची खूण माझ्या मते अशी: ती एका ठरावीक गोष्टीकडं बोट दाखवते आणि पुढं काय करायचं तेही सांगते. केलं की थांबते. खोटी टोचणी धुकं असते. 'तूच वाईट' एवढंच म्हणते, काम सांगत नाही, आणि काहीही केलं तरी थांबत नाही. तिला वहीत जागा देऊ नका. योहान लिहितो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे (१ योहान ३:२०). ते वचन मोठ्यानं म्हणा आणि झोपा. झोप महिनोन्‌महिने येत नसेल, हात वीस वेळा धुवावे तशी प्रार्थना वीस वेळा करावी लागत असेल, तर डॉक्टरकडं जा. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

दुसऱ्याचं मन

थोडक्यात सांगतो, कारण यावर आमच्यात भांडणंच जास्त होतात. गावात महालक्ष्मीची जत्रा भरते, शेजारचे मामा प्रेमानं जेवायला बोलावतात, देवीच्या नैवेद्याचं ताट समोर येतं. एक जण शांत मनानं जेवतो, दुसऱ्याला घास गिळत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय आणि रोमकरांसचा चौदावा याच ताटाबद्दल आहेत. जेवणाऱ्यानं न जेवणाऱ्याला हसू नये, न जेवणाऱ्यानं जेवणाऱ्याला नरकात घालू नये, आणि संशय असताना कुणीही खाऊ नये. तंबाखू पिकवावा की नाही याबद्दल निपाणीच्या बाजूचे विश्वासी असेच विभागलेले आहेत. माझं मत विचाराल तर पिकवू नये. पण माझं शेत नाही, त्यामुळं माझं मत स्वस्त आहे.

प्रभुभोजनाच्या आधीचा आठवडा

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेणं, असतं. त्याआधीच्या सोमवारी मी वहीतल्या न खोडलेल्या ओळी एका चिठ्ठीवर उतरवतो. सोमवारीच, कारण शनिवारी रात्री आठवलेल्या माणसाकडं जायला बस नसते. चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात. आठवडाभर तिथं हात गेला की आठवतं. बहुतेक महिन्यांत दोन-तीन ओळी असतात.

ज्याचं देणं आहे तो माणूस गेला असेल तर? बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याचीही सोय आहे: त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावं, नातलग नसेल तर परमेश्वराला, म्हणजे याजकाला. पत्ताच सापडत नसेल तर तसंच करा, पण आधी खरंच शोधा.

माझ्या चिठ्ठीवर पाच महिने एक ओळ आहे. शाळेतल्या मित्राच्या जमिनीच्या वादात मी साक्षीला बोलावणं आल्यावर आजारी पडलो होतो. आजारी नव्हतो. तो नंतर गडहिंग्लजला गेला, तिथं वारला. मुलगा आहे, बसस्टँडजवळ सायकलचं दुकान चालवतो असं कळलंय. दोनदा निघालो आणि एकदा वाटेतल्या संकेश्वरातून परत फिरलो. उद्या सोमवार.